अंतराळ सिम्युलेटर: गड्ड्याच्या यात्रेपासून दिवाळीपर्यंत वापरून

आमच्या अंतराळ सिम्युलेटरची वर्गणी संपत आल्याचा मेसेज आला आणि खाली पुन्हा तेच, ‘जड रॉकेटसाठी वरचा प्लॅन घ्या.’ म्हणून आज सविस्तर लिहितेय. कंपनीकडे तक्रार चालू आहे, त्यामुळे नाव देत नाही.

सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर आमच्या संध्याकाळच्या विज्ञानवर्गासाठी हा घेतला. मुलं बहुतेक यंत्रमाग कामगारांची. पालकांनी पैसे जमवून दिलेत, त्यामुळे रुपयान् रुपयाचा हिशेब मला द्यायचा आहे.

चित्रं, ग्रह, कक्षा सगळं उत्तम. माझं भांडण आहे त्यातल्या एआय प्लॅनरशी, म्हणजे मोहीम आखून देणाऱ्या भागाशी. मुलांनी त्याला काम दिलं: इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट, १३३७ किलोचं यान, मंगळापर्यंत न्यायचं. उत्तर आलं, ‘शक्य नाही, मोठं रॉकेट निवडा.’ आणि मोठं रॉकेट कुलपात!

अहो, ५ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयान सोडताना इस्रोने हेच तर केलं! पीएसएलव्ही एवढं यान थेट मंगळाकडे फेकू शकत नाही, म्हणून ते आधी पृथ्वीभोवती लंबगोल कक्षेत सोडलं. मग ते पृथ्वीजवळ आलं की इंजिन पेटवायचं. तिथे यानाचा वेग सर्वांत जास्त असतो, त्यामुळे तेवढ्याच इंधनात जास्त ऊर्जा पदरात पडते. असं करत कक्षेचं दूरचं टोक सुमारे १ लाख ९२ हजार किलोमीटरवर नेलं आणि १ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर शेवटचा धक्का दिला. काटकसरीचा इतका सुंदर धडा, आणि शिकवायला आणलेलं यंत्रच मुलांना ‘शक्य नाही’ म्हणतं. याचा मला खरंच राग आला. कंपनीला हे सगळं लिहून कळवलं. उत्तर काय, तर ‘सूचना पुढे पाठवली आहे’, आणि सोबत वरच्या प्लॅनचं दरपत्रक.

मग नववीतल्या एका मुलीने प्लॅनर बंद केला, वहीत आकडेमोड केली आणि प्रत्येक वेळचं इंजिन हाताने पेटवलं. यान सुटलं मंगळाकडे! म्हणजे आतलं भौतिकशास्त्र चोख आहे. तेव्हापासून या सिम्युलेटरबद्दलचं माझं मत बरंच सुधारलं.

पावसाळ्यातल्या अपडेटनंतर प्लॅनरही एका जागी कामाला आला: मंगळाच्या कक्षेत शिरताना. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान तिथे पोचलं तेव्हा तिथून पृथ्वीवर संदेश यायला साडेबारा मिनिटं लागत होती, म्हणून सगळ्या आज्ञा यानात आधीच भरून ठेवल्या होत्या. प्लॅनर मुलांकडून तशीच यादी करून घेतो आणि विचारतो, ‘मुख्य इंजिन पेटलंच नाही तर?’ इस्रोनेही तेव्हा आठ छोट्या इंजिनांची पर्यायी तयारी ठेवली होती. या प्रश्नावर आमचा वर्ग रात्री उशिरापर्यंत हटला नाही.

पीएसएलव्हीचं उत्तर मात्र अजून तेच येतं. म्हणून यंदा साधी वर्गणीच भरणार, वरच्या प्लॅनला एक पैसाही नाही. शाळेसाठी घेणार असाल तर डेमोत आधी हीच १३३७ किलोची मोहीम टाकून बघा, आणि ती हाताने करायची सोय साध्या वर्गणीत आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.