शिबिर, घरचा सराव की डोंगऱ्यादेव?

नाशिकमध्ये राहून शामानिक साधना, म्हणजे ठेक्यावर तंद्रीत जाऊन मनातल्या मनात प्रवास करणं, करून बघायची म्हटली तर तीन वाटा समोर येतात: शनिवार-रविवारचं शिबिर, घरी हेडफोनवर ढोलाचे ठोके ऐकत सराव, आणि सुरगाणा-कळवणकडचा डोंगऱ्यादेव, म्हणजे तिथल्या आदिवासींचं व्रत.

शिबिरांतल्या बऱ्याच गोष्टींचा उगम मायकल हार्नर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाकडे जातो. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात शुआर आणि कोनिबो लोकांत राहून आल्यावर त्यांनी तिथले देव, कुळं, गाव बाजूला ठेवले आणि तेवढं तंत्र उचललं. ढोलाचे सेकंदाला 4 ते 7 ठोके, डोळे मिटून आडवं व्हायचं, मनातल्या गुहेतून किंवा झाडाच्या मुळातून खाली उतरायचं, ठोक्यांची चाल बदलली की परतायचं. शिबिरात खरा ढोल छातीत घुमतो आणि रडू कोसळलंच तर सांभाळायला कोणी असतं. पैसे मोजावेत ते एवढ्यासाठीच. दोन दिवसांत ‘हीलर’चं प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून लांब राहा. आयावास्काचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनकडच्या भास घडवणाऱ्या वनस्पतींच्या काढ्याचा, विषय निघाला तर सरळ उठून या. त्यातलं डीएमटी हे रसायन आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

घरचा सराव फुकट आणि 15 मिनिटांचा. सकाळच्या पूजेनंतरही जमतो, शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. आधी कागदावर प्रश्न लिहा. ‘नोकरी सोडू का?’ असला नको. ‘नोकरीत मला काय टोचतंय?’ असा हवा. उठल्याबरोबर जे दिसलं ते लिहून काढा, अर्थ दुसऱ्या दिवशी लावा. फिट येत असतील किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. हे शिबिरालाही लागू.

डोंगऱ्यादेव मात्र शिकायला जायची जागा नव्हे. मार्गशीर्षात कोकणा, भिल्ल मंडळी व्रत धरतात, पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यावर रात्र रात्र नाचतात, अंगात वारं येतं. ते पिकासाठी, गुराढोरांसाठी, अख्ख्या गावासाठी. त्यातलं वारं तेवढं उचलून फ्लॅटमध्ये आणता येत नाही, आणू पण नये. ओळखीतून बोलावणं आलं तर पाहुणे म्हणून जा, मोबाइल खिशात ठेवा. भगताकडची, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडची, झाडपाल्याची माहिती मोठी असते, आदराने ऐका. पण साप चावल्यावर दवाखानाच. दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र घालणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

नवख्याने महिनाभर घरीच करावं. वहीत काही साचलं नाही, तर शिबिराचे पैसे वाचले.