गॅसचा रायडिंग मोवर काढला, बॅटरीवाला आणला: एगो झेड६ वापरून काय वाटतं

नॉर्थ कॅरोलिनात रॅलेच्या दक्षिणेला आमचा सव्वा एकराचा प्लॉट आहे, आपल्या हिशोबाने पन्नास गुंठे, त्यातलं घर, ड्राइव्हवे आणि मागची झाडी सोडली तरी एकराच्या जरा आत गवत उरतं आणि ते ढकलायच्या मोवरने कापायचं म्हणजे अख्खा शनिवार गेला. रॅलेजवळच्या केरी-मॉरिसविलला ज्यांचे पाव एकराचे प्लॉट आहेत त्यांनी रायडिंगच्या, म्हणजे बसून चालवायच्या मोवरच्या नादी लागूच नका, साधा बॅटरीचा पुश मोवर भरपूर झाला. हे सगळं त्यापुढच्या लोकांसाठी लिहितेय, कारण मंडळात भेटलं की हल्ली हाच प्रश्न असतो, घेऊ का नको.

आधी आमच्याकडे बेचाळीस इंची डेकचा (डेक म्हणजे पाती बसवलेला खालचा भाग) गॅसचा, म्हणजे पेट्रोलवर चालणारा लॉन ट्रॅक्टर होता. कापायचा छान, तक्रार नाही, पण त्याचं करणं काही संपायचं नाही. ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बेल्ट आणि सगळ्यात वैताग म्हणजे कार्ब्युरेटर. इथल्या पंपावरच्या साध्या गॅसमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, आणि तोच गॅस हिवाळाभर टाकीत राहिला की बारीक जेटमध्ये चिकट राळ धरते, मग मार्चमध्ये किल्ली फिरवा नाहीतर काही करा, इंजिन नुसतं घुरघुरतं. त्याच वेळी आजूबाजूच्या सगळ्यांचं तेच झालेलं असतं. आमचा रिपेअरवाला ट्रॅक्टर घेऊन गेला तो फोनच उचलेना, तोपर्यंत गवत पोटरीपर्यंत आणि एचओएचं, म्हणजे इथल्या सोसायटीचं पत्र पेटीत. तेव्हाच ठरवलं की आता गॅस नको.

घेतला तो एगो कंपनीचा झेड६, झिरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारा, दोन दांड्यांनी चालवायचा, डेक ४२ इंच, ५६ व्होल्टच्या १० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या सोबत येतात आणि एकूण सहा बसायची सोय आहे. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. एवढ्याच डेकचा साधा गॅसचा ट्रॅक्टर जवळपास निम्म्यात येतो, त्यामुळे नुसता पैशाचा हिशोब करणार असाल तर आधी हे वाचा: चारही बॅटऱ्यांत मिळून सव्वादोन युनिट वीज मावते, चार्जिंगमधली गळती धरून अडीच समजा, युनिटला १३ सेंट धरले तर पूर्ण चार्ज तेहेतीस सेंटच्या आसपास. गॅसचा ट्रॅक्टर तासाला साधारण गॅलनभर पितो, म्हणजे तीन डॉलर. फरक दिसायला मोठा आहे पण वर दिलेले जास्तीचे अडीच हजार त्यातून निघायला खूप वर्षं लागतील, इंधन वाचवायला म्हणून घेऊ नका. मी घेतला तो कटकट आणि आवाज या दोन गोष्टींसाठी, आणि त्या दोन्हीत तो पुरेपूर उतरलाय.

आवाजाचं सांगते. आई उन्हाळ्यात आली की पोर्चवर बसून भाजी निवडत मावशीशी फोनवर बोलत असते, मी तिच्या समोरून मोवर नेते तरी तिचं बोलणं थांबत नाही. पूर्वी इंजिन सुरू झालं की ती ताट उचलून आत जायची. अर्थात अगदी शांत आहे असं नाही, पाती फिरतात त्याचा सूंऽऽ आवाज असतोच, त्यामुळे चालवणाऱ्याने कानाला काहीतरी लावाच. पण तो थरथराट नाही, उतरल्यावर हाताला मुंग्या नाहीत, आणि सगळ्यात भारी म्हणजे कपड्यांना गॅसचा वास नाही.

आता बॅटरी पुरते का. कंपनी दोन एकर म्हणते. तो आकडा कोरड्या, सपाट आणि वेळच्या वेळी कापलेल्या गवताचा समजा. आमच्याकडे फेस्क्यू जातीचं गवत आहे, ते एप्रिल-मेमध्ये नुसतं उसळतं, त्यात पाऊस झाला की डेकच्या आत हिरवा लगदा चिकटून बसतो आणि मोटरला जास्त जोर लागतो, तेव्हा माझ्या एकराच्या आतल्या गवतालाही बॅटरी खाली येताना डोळ्यांना दिसते. जुलैत तेच गवत कापून झालं तरी भरपूर चार्ज शिल्लक असतो. म्हणून विकत घेताना स्वतःच्या मे महिन्याचा विचार करून घ्या. दंव सुकल्यावर कापा, डेक साडेतीन इंचावर ठेवा, पातीला धार ठेवा, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची उडवू नका. धारेने किती फरक पडतो हे वापरल्याशिवाय पटत नाही.

उताराचं मात्र नीट बघा. हा मुद्दा बॅटरीचा नाही, झिरो टर्नचा आहे, पुढची चाकं मोकळी फिरतात त्यामुळे ओल्या उतारावर मशीन खाली सरकतं, आणि इथल्या लाल मातीवर तर पटकन. पंधरा अंशांच्या वर नेऊच नका.

निघणाऱ्या बॅटऱ्या हा माझ्यासाठी मोठा मुद्दा होता. त्याच बॅटऱ्या ब्लोअर आणि ट्रिमरला लागतात, थोड्या जड पडतात पण चालतात, आणि उद्या एक गेली तर एकच बदलायची. जॉन डिअरने २०२२ मध्ये झेड३७०आर इलेक्ट्रिक आणला त्यात बॅटरी आतच बसवलेली आहे, साध्या एक्स्टेंशन कॉर्डने चार्ज होतो, ज्यांना काढघाल नको त्यांना ते सोपं. सेकंडहँड बघत असाल तर र्‍योबीचे जुने ४८ व्होल्टवाले लेड-ॲसिडचे आहेत, तिथे बॅटरी किती जुनी आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि हे फॅड कालचं आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, जनरल इलेक्ट्रिक १९६९ पासून काही वर्षं इलेक-ट्रॅक नावाचे ३६ व्होल्टचे ट्रॅक्टर विकत होती.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, तिथे २०२१ च्या कायद्यामुळे २०२४ पासून बनणारी नवी छोटी गॅस इंजिनं विकता येत नाहीत, जुना असेल तो मात्र वापरता येतो. आमच्याकडे असली सक्ती नाही, तरी मी परत गॅसकडे जाणार नाही.

थंडीत बॅटऱ्या शेडमध्ये सोडू नका, घरात आणा, गोठलेल्या बॅटरीला चार्जिंग लावायचं नाही. महिनाभर पडून राहिल्या तर त्या स्वतःच तीस टक्क्यांवर येऊन थांबतात, ते बिघाडाचं लक्षण नाही, मार्चमध्ये वापरायच्या आदल्या दिवशी लावल्या की झालं. आणि दोन दांडे धरून चालवायचं जमणार नाही असं वाटत असेल तर एगोचाच स्टिअरिंगवाला टी६ दुकानात बसून बघा, आमच्या शेजारच्या काकूंनी तोच घेतलाय.