मरिनाचं भाडं वाढवायचं, पण कशावर मोजून?

किनाऱ्यावरच्या खाजगी मरिनांखालची, म्हणजे भाड्याने बोटी लावायच्या लहान बंदरांखालची, जमीन आणि तिच्यावरचं पाणी पुष्कळदा सार्वजनिक असतं. मरिनाचा मालक म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो प्रत्यक्षात पट्टेदार असतो. भाडं तो जुन्या कराराप्रमाणे भरतो आणि बोटवाल्यांकडून पैसे आजच्या भावाने घेतो. मग एका वर्षी कुणीतरी हा फरक नगर परिषदेपुढे मांडतं, भाडेवाढीचा ठराव येतो आणि सभागृहात बसायला जागा उरत नाही. सार्वजनिक जागा कवडीमोलाने दिली, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, चालता धंदा बुडवायला निघालेत.

अशा ठरावावर ज्यांना मत द्यायचं आहे, मग ते नगरसेवक असोत, मरिनात बोट लावणारे असोत की नुसते करदाते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो. भाडं वाढायला हवं. पण किती वाढवायचं यावर सभागृहात जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा तरी भाडं कशावर मोजायचं याला द्यायला हवा, कारण पुढच्या वीस-तीस वर्षांतला न्याय-अन्याय तिथेच ठरतो. उदाहरणं अमेरिकेतली घेतली आहेत, कारण तिथे हा वाद अनेकदा झाला आहे आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं निघालं आहे.

आधी मालकी कुणाची ते

शिकागो बंदराखालचा तलावाचा तळ इलिनॉय राज्याने एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार टिकू दिला नाही. अशी जागा राज्य लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं, ती वाटून टाकण्याचा अधिकार त्याला नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्कं केलं. कॅलिफोर्नियात राज्याने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली बरीच जमीन शहरांकडे याच विश्वस्त नात्याने सोपवली आहे. त्याशिवाय सार्वजनिक मालमत्ता कुणाला भेट म्हणून देता येणार नाही, असं त्या राज्याची घटनाच सांगते. बाजारभावापेक्षा फार कमी भाडं वर्षानुवर्षं चालू ठेवणं ही एक प्रकारची भेटच झाली, असा शहरांच्या वकिलांचा युक्तिवाद असतो आणि मला तो पटतो.

कॅलिफोर्नियातल्याच न्यूपोर्ट बीच शहरात २०१२ साली हाच प्रश्न पेटला. व्यापारी मरिनांच्या भाड्याचा फेरविचार चाललाच होता. त्यात डिसेंबरमध्ये परिषदेने घरांपुढच्या खाजगी धक्क्यांचं शुल्क बदललं. वर्षाला सरसकट १०० डॉलर होते, ते चौरस फुटाला साडेबावन्न सेंट झाले. सहाशे चौरस फुटांच्या धक्क्याला हे ३१५ डॉलर होतात. विरोधकांनी याला धक्का-कर म्हटलं आणि नाताळातल्या रोषणाईच्या बोटींच्या मिरवणुकीवर बहिष्कार घालण्याची हाक दिली. मला हा शब्दच चुकीचा वाटतो. दुसऱ्याची जागा वापरल्याबद्दल देतो ते भाडं. पण त्या रागाचं एक कारण खरं होतं. इतकी वर्षं शहराने काही केलं नाही आणि मग एकदम उडी मारली.

चौरस फूट की उत्पन्नाचा टक्का

खरी निवड या दोन पद्धतींत आहे, म्हणून इथे आकडे घेऊनच बोलू. समजा, एका मरिनात शंभर बोटी लावायची सोय आहे, प्रत्येक जागा, म्हणजे स्लिप, चाळीस फुटांची. दर फुटाला महिन्याला वीस डॉलर. सगळ्या स्लिपा वर्षभर भरलेल्या राहिल्या तर ९,६०,००० डॉलर जमतील. पंच्याऐंशी टक्के भरल्या तर ८,१६,०००. भाडेपट्ट्यातलं पाणी दीड लाख चौरस फूट धरू.

चौरस फुटाला पन्नास सेंट लावले की शहराला ७५,००० मिळतात. उत्पन्नाच्या दहा टक्के लावले तर ८१,६००. म्हणजे पहिल्या वर्षी दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच दिसतात, आणि सभागृहात सहसा एवढीच तुलना पडद्यावर दाखवली जाते.

आता मंदी आली असं धरा. साठच टक्के स्लिपा भरल्या, उत्पन्न ५,७६,००० वर आलं. टक्क्याचं भाडं ५७,६०० होतं आणि पट्टेदाराला थोडा श्वास मिळतो. चौरस फुटाचं भाडं ७५,००० वरच उभं राहतं. याच्या उलट दहा वर्षांत स्लिपचा दर वीसवरून तीस डॉलर झाला आणि मरिना पंच्याऐंशी टक्के भरलेली राहिली, तर टक्क्याने १,२२,४०० मिळतील. चौरस फुटाचा दर महागाईशी जोडून वर्षाला अडीच टक्क्यांनी वाढवत नेला तरी तो ९६,००० पर्यंतच पोचतो. ही तफावत साचत जाते आणि मग तोच वाद नव्याने पेटतो.

चौरस फुटाची बाजू घेणारे म्हणतात की हा हिशेब सोपा आहे आणि पट्टेदाराच्या वह्या तपासाव्या लागत नाहीत. अर्धं खरं आहे. वह्यांचं भांडण टळतं, फुटपट्टीचं सुरू होतं. नुसते तरते धक्के आणि बोटींच्या जागाच मोजायच्या, की बोटी आत-बाहेर करण्यासाठी मध्ये मोकळी ठेवलेली पाण्याची वाटही धरायची? आपल्या उदाहरणात ती वाट वगळून नव्वद हजार फूट उरले, तर दर तोच राहूनही भाडं ४५,००० होतं. दराच्या टक्केवारीवर तासभर बोलणारे सदस्य व्याख्येचं पान उलटून पुढे जातात. ते पान आधी वाचावं.

टक्क्याच्या पद्धतीतली अडचण वेगळी आहे. एकूण उत्पन्नात काय काय धरायचं? इंधनविक्री, सुकी साठवण (बोटी कोरड्यावर ठेवण्याचे पैसे), सभासद शुल्क, बोटीतच राहणाऱ्यांकडून घेतलेला अधिभार, दुरुस्तीची कामं. पट्टेदाराने इंधनाचा धक्का स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला नाममात्र दराने पोटभाड्याने दिला, तर ते उत्पन्न हिशेबातून गळतं. लॉस एंजेलिस परगण्याच्या मरिना डेल रे या बंदरात अनेक दशकांपासून टक्क्याची पद्धत चालते. तिथे सगळ्याला एकच टक्का नाही. स्लिपच्या उत्पन्नाला वेगळा, घरभाड्याला वेगळा, उपाहारगृहाला त्याहून कमी, आणि खाली किमान भाड्याचा आधार. हे नीट चालवायचं तर लेखापरीक्षणाला माणसं लागतात. लहान शहराकडे ती नसतील तर टक्क्याचा करार कागदावरच राहील, ही शंका रास्त आहे.

आणखी दोन वाटा

वॉशिंग्टन राज्याने १९८४ पासून पाण्यावरच अवलंबून असलेल्या वापरासाठी एक सूत्र ठरवलं आहे. शेजारच्या कोरड्या जमिनीचं कर-मूल्यांकन घ्यायचं, त्याच्या तीस टक्के दराने पाण्याखालच्या जागेची किंमत धरायची आणि तिला परताव्याचा दर लावायचा. तपासायला सोपं, वह्या नकोत. पण आपल्याकडच्या रेडी रेकनरसारखा याचाही एक दोष आहे. दोन अगदी सारख्या मरिनांपैकी एकीच्या मागे जुनी गोदामं असतील आणि दुसरीच्या मागे महागडे फ्लॅट, तर दुसरीला कितीतरी जास्त भाडं पडतं, तिच्या धंद्यात काडीचाही फरक नसताना. शहर झपाट्याने बदलत असेल तर मी या वाटेने जाणार नाही.

फ्लोरिडाची रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. राज्याच्या पाण्याखालच्या जमिनीवर मरिना चालवणाऱ्याला तीन आकडे काढावे लागतात: स्लिपच्या उत्पन्नाच्या सहा टक्के, चौरस फुटाचा मूळ दर आणि किमान वार्षिक शुल्क. यांतला जो मोठा, तो भरायचा. मरिना तेजीत असली की राज्याचा वाटा वाढतो, मंदीतही तळ सुटत नाही. शिवाय किमान नव्वद टक्के स्लिपा 'आधी येईल त्याला आधी' या तत्त्वावर सर्वांसाठी खुल्या असतील, तर तीस टक्के सूट मिळते. ही सूट मला भाड्याच्या आकड्याइतकीच मोलाची वाटते. सार्वजनिक पाण्यावर बंद दारांचा क्लब चालवायचा असेल तर पूर्ण भाडं भरा, दार उघडं ठेवणार असाल तर सवलत घ्या.

वाढ शेवटी कुणाच्या खिशातून जाते

सभागृहात सगळ्यांत ठामपणे मांडलं जाणारं वाक्य म्हणजे 'हे सगळं बोटवाल्यावरच येणार'. नेहमीच तसं होत नाही. मरिनाची प्रतीक्षायादी लांब असेल, तर पट्टेदार आधीच ग्राहकाला झेपेल तेवढा दर घेत असतो. त्याला आणखी घेता आला असता तर भाडेवाढीची वाट कशाला पाहिली असती? अशा ठिकाणी वाढ मुख्यतः पट्टेदाराच्याच खिशातून जाते, म्हणजे पट्टा विकायला काढला तर त्याची किंमत तेवढी कमी येते. मरिना अर्धी रिकामी असेल, तर दर वाढवून ग्राहक टिकत नाहीत आणि मग पट्टेदार हात आखडतो तो देखभालीवर. फळ्या कुजतात, खांबांना गंज लागतो, विजेच्या खोक्यांची झाकणं तुटलेलीच राहतात. म्हणून आपल्या शहराची प्रतीक्षायादी केवढी आहे, हे विचारल्याशिवाय कुठल्याच बाजूच्या भाकितावर विश्वास ठेवू नये.

पट्टेदारांचा एक मुद्दा मात्र शहरांनी झटकून टाकू नये. कॅलिफोर्नियात सार्वजनिक जमिनीच्या खाजगी ताब्यावरही मालमत्ता कर लागतो. भाडं भरूनही हा कर त्यांच्या अंगावर असतोच, तेव्हा 'फुकट बसलेत' ही घोषणा खोटी आहे.

आणखी एक सापळा दर ठरवण्यातच असतो. काही प्रस्तावांत आसपासच्या मरिनांच्या स्लिपदरांची सरासरी काढून भाडं तिच्याशी बांधतात. ऐकायला तटस्थ वाटतं. पण भाडं वाढलं की पट्टेदार दर वाढवायचा प्रयत्न करतो, दर वाढले की सरासरी वर जाते आणि सरासरी वर गेली की भाडं पुन्हा वाढतं. बंदरात चार-पाचच मोठ्या मरिना असतील तर हे चक्र फारच लवकर फिरतं. अशा सरासरीत शहराच्या भाडेकरू नसलेल्या, दूरच्या मरिनाही घ्याव्यात आणि वर्षाच्या वाढीला कमाल मर्यादा घालावी.

दुरुस्तीचा धक्का ही वेगळी गोष्ट

बोटी उचलून कोरड्यावर घेणारी यार्ड, इंधनाचे धक्के, मासेमारीच्या बोटींची जागा यांना मरिनाच्या ओळीत बसवणं ही सरळ चूक आहे. यार्डाला जागा पुष्कळ लागते आणि नफा बेताचा. चौरस फुटाचा मरिनाचा दर त्याला लावला की ते बंद होतं. ते एकदा गेलं की साधं तळाचं रंगकाम करायला बोट दुसऱ्या बंदरात न्यावी लागते. कॅलिफोर्नियाचा १९७६ चा किनारा कायदा मासेमारी आणि नौकाविहाराच्या सोयींना संरक्षण देतो. पण कायदा जागेचा वापर राखू शकतो, तोट्यातलं यार्ड चालवायला माणूस कुठून आणणार? यांना कमी टक्का लावावा आणि तो करारात कायमचा लिहून ठेवावा. इथे मी तडजोड करणार नाही.

वेग, मुदत आणि पैशाची वाट

साचलेली वाढ पाच वर्षांत समान टप्प्यांनी आणावी. याहून झपाट्याने आणली तर कर्ज काढून धक्के बदललेले पट्टेदार अडचणीत येतात, आणि तेच तर चांगले पट्टेदार असतात. मुदतीचंही भान ठेवावं. ज्याच्या पट्ट्याची आठ वर्षं उरली आहेत त्याला बँक नव्या धक्क्यांसाठी पैसे देणार नाही. वाढीव भाडं मान्य करणाऱ्याला, धक्के बदलण्याची लेखी अट घालून, लांब मुदत द्यावी.

आणि पैसा जाणार कुठे? विश्वस्त म्हणून मिळालेलं उत्पन्न त्याच कामावर खर्चायचं असतं: गाळ उपसणं, संरक्षक भिंती, सार्वजनिक धक्के. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराच्या किनारपट्टीतल्या तेलाच्या उत्पन्नाचा अर्धा भाग राज्याच्या विधिमंडळाने १९५१ मध्ये विश्वस्त बंधनातून मोकळा केला होता आणि शहराने तो आपल्या इतर कामांसाठी मोकळा मानला. १९५५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विश्वस्त बंधनातून सुटलेला पैसा शहराचा होत नाही, तो राज्याकडे परत जातो. तेव्हा भाडेवाढीतून रस्ते आणि पोलीस चालवू, असं कुणी सांगत असेल तर ते चालणार नाही. मात्र याहून मोठी गळती कायद्याच्या चौकटीत राहून होऊ शकते. जीवरक्षक, बंदरातली गस्त, किनाऱ्याची सफाई यांचा खर्च शहर या विश्वस्त उत्पन्नाच्या खात्यावर टाकतं. त्यात कार्यालयीन खर्चाचा जो हिस्सा धरला जातो, तो दरवर्षी थोडा फुगवला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि गाळ तिथेच राहतो. मत देण्याआधी गेल्या पाच वर्षांचं हे खातं ओळीओळीने मागून घ्यावं. उपशावर किती गेले आणि कार्यालयीन हिश्शावर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवायला शहर तयार नसेल, तर ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवायला सांगावं.