जुन्या गिऱ्हाइकाला आमचा क्यूआर, नव्याला तिचा

घरगुती उद्योग करणाऱ्या सगळ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. आमच्या खात्यातून एक रुपयाही गेला नाही, कुणी ओटीपी मागितला नाही, कुठली लिंक आली नाही. पैसे गेले ते आमच्या गिऱ्हाइकांचे, आणि तेही आमच्या नावावर. ते नेले ऑर्डरी घ्यायला आम्हीच ठेवलेल्या असिस्टंटने.

कोल्हापुरात आमचा कांदा-लसूण चटणीचा व्यवसाय आहे. मार्च ते मे ही आमची सुगी. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वाळवायची, देठं खुडायची, खोबरं-तीळ भाजायचे, डंकावर उभं राहून कुटून आणायचं. नेमक्या त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतात. तिखटाच्या हाताने फोन धरता येत नाही. म्हणून घरून काम करणारी व्हर्च्युअल असिस्टंट ठेवली, महिना 8 हजारांवर. दर सांगायचे, पत्ते शीटमध्ये भरायचे, कुरिअरचा नंबर कळवायचा, एवढंच काम. फेसबुकवरच्या जाहिरातीतून ती मिळाली. बोलायला गोड, टायपिंग चोख, आधारकार्डाचा फोटो न मागता पाठवलेला. व्हिडिओ कॉलच्या वेळी मात्र दरवेळी तिच्याकडे रेंज नसायची.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आपल्या फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर जोडता येतं. तिचा लॅपटॉप तसा जोडला. "ताई, तुम्ही निवांत चटणीचं बघा, इकडचं मी सांभाळते," असं म्हणायची आणि सुरुवातीला खरंच सांभाळलं. रात्री दहालासुद्धा गिऱ्हाइकाला उत्तर जायचं.

पुढे तिने जे केलं ते फार विचार करून केलं. जुन्या गिऱ्हाइकांना ती आमचाच क्यूआर पाठवत राहिली, कारण त्यांना आमचं नाव माहीत होतं. पहिल्यांदाच विचारणा करणाऱ्यांपैकी काहींना मात्र दुसरा क्यूआर जायचा. आमच्या खात्यात रोज पैसे येतच होते, त्यामुळे काही कमी पडतंय असं वाटायला जागाच नव्हती. सीझनला कुणी नुसता दर विचारतं, कुणी घेतं, हे तर नेहमीचंच.

एके दिवशी नाशिकहून एका बाईंचा फोन आला. पैसे भरून पंधरवडा होत आला, चटणी कुठे आहे? मी त्यांचं चॅट उघडलं. त्यात फक्त दर विचारलेला आणि आम्ही सांगितलेला, पुढे काहीच नाही. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा पायाखालची जमीन सरकली. क्यूआरच्या मधोमध आमच्या डब्यावरचाच लोगो, वर आमच्या व्यवसायाचं नाव, रंगसुद्धा तोच. पैसे भरल्याच्या पावतीवर मात्र एका अनोळखी पुरुषाचं नाव. त्याखाली आमच्याच नंबरवरून गेलेला मेसेज: "पेमेंट मिळालं, धन्यवाद ताई, आठ-दहा दिवसांत पार्सल निघेल."

हे मेसेज माझ्या फोनवर का नव्हते, ते समजून घ्या. जोडलेल्या लॅपटॉपवरून 'फक्त माझ्यासाठी' असं निवडून मेसेज पुसला, की तो मालकाच्या फोनवरूनही जातो. गिऱ्हाइकाकडे मात्र तसाच राहतो. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने पैसे घेऊन गप्प बसलेले आम्हीच, आणि आमच्या दृष्टीने त्यांनी कधी ऑर्डरच दिली नाही.

"लक्ष ठेवायला हवं होतं," असं ऐकवणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. सगळे मेसेज स्वतः वाचत बसायचं तर माणूस कशाला ठेवायचा? दोष फसवणाऱ्याचाच.

लगेच सेटिंग्जमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून तिचा लॅपटॉप काढून टाकला. तासाभरात तिचा फोन बंद. आधारकार्ड दुसऱ्याच कुणाचं निघालं. मग शीटमधल्या आणि चॅटमधल्या प्रत्येक नव्या नंबरला मी स्वतः फोन केला. काही जण चिडले, एका आजोबांनी तर ऐकूनच घेतलं नाही. ज्यांनी पैसे भरल्याची पावती दाखवली त्या सगळ्यांना आम्ही चटणी पाठवली. पैसे आम्हाला मिळाले नव्हते, पण त्यांनी विश्वास आमच्या नावावर ठेवला होता.

आता ऑर्डर घेणाऱ्याकडे पैशाचं काम नाही. क्यूआर माझ्या किंवा जाऊबाईंच्या हातूनच जातो. क्यूआर स्कॅन केल्यावर कुणाचं नाव दिसलं पाहिजे, ते प्रोफाइलमध्ये आणि डब्यावरच्या लेबलवर छापलं आहे. जोडलेल्या उपकरणांची यादी दर रविवारी बघते. आणि नवीन गिऱ्हाइकांपैकी दोघा-चौघांना मधूनच दुसऱ्या नंबरवरून फोन करून विचारते, ऑर्डर कुठवर आली?

तुमच्याकडे असं काही घडलं तर एक गोष्ट आधी करा. सायबर हेल्पलाइन 1930 वर ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने स्वतः लगेच फोन करायचा असतो, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाने. पावतीवरचा बारा आकडी व्यवहार क्रमांक जवळ ठेवायला सांगा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली, तर बँकेला ते रोखता येतात. तुमची स्वतःची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात वेगळी द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 66 ड अशा तोतयेगिरीसाठीच आहे. आणि गिऱ्हाइकांना आवर्जून सांगा, राग आला तरी ते चॅट पुसू नका. तुमच्या फोनवरचं सगळं गेलेलं असतं. पुरावा उरतो तो त्यांच्याच फोनमध्ये.