बोलका टॅबलेट की छापील फलक?

ज्या मुलाला तोंडाने बोलणं जमत नाही, ते चित्रांवर किंवा शब्दांवर बोट ठेवून बोलू शकतं. त्यासाठी बोट ठेवलं की शब्द मोठ्याने उच्चारणारा टॅबलेट घ्यावा, की कागदावर छापलेला फलक? टॅबलेटला आवाज आहे, हा त्याचा मोठा फायदा. मूल दुसऱ्या खोलीतूनही ‘आई, ये’ म्हणू शकतं. फलकावर बोट ठेवलं तर कुणीतरी बघत असावं लागतं. म्हणून मुख्य साधन टॅबलेटच असावा, असं माझं मत. फलक मात्र आंघोळीच्या वेळी आणि चार्जिंग संपल्यावर उपयोगी पडतो. फक्त तो वेगळा बनवू नका, टॅबलेटवरचंच पान जसंच्या तसं छापा. ‘नको’ वरच्या डाव्या कोपऱ्यात असेल तर फलकावरही तिथेच, कारण बोटाला जागा पाठ होते. आणि हो, दोन्हींवर आधी आपण बोट ठेवून बोलायचं: ‘अजून’, ‘संपलं’. सारखं ‘पाणी कुठंय, दाखव बघू’ केलं की मूल दोन्हींना कंटाळतं.