व्रणावर आधी सिलिकॉन की डायरेक्ट लेझर?
टाके निघाले, आता तो लालसर फुगलेला व्रण रोज आरशात दिसतोय म्हणून लगेच लेझरकडे पळू नका, आधी सिलिकॉनची पट्टी (व्रणावर चिकटवायची मऊ पट्टी) लावून बघा. जखम पूर्ण बंद झाल्यावरच हं, आणि पट्टी रोज किमान 12 तास, असं 2-3 महिने. कंटाळा येतो, घामाने कडा सुटतात, पण दुखत नाही आणि स्वस्त पडतं.
खड्डा पडलेल्या व्रणाला मात्र सिलिकॉनचा उपयोग नाही, तिथे फ्रॅक्शनल सीओटू लेझर, ते त्वचेत बारीक भोकं पाडतं आणि भरताना नवं कोलॅजन (त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन) बनतं. नुसता लालपणा असेल तर 595 नॅनोमीटर तरंगलांबीचं पल्स्ड डाय लेझर, ते लालपणा आणणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर काम करतं. एका सिटिंगमध्ये भागत नाही, मध्ये 4-8 आठवडे गॅप, आणि सावळ्या त्वचेवर काळे डाग पडू शकतात, त्यामुळे सनस्क्रीनचा आळस नको.