बोअर रिचार्ज करून घेतलं त्याला तीन पावसाळे झाले, खरं काय ते सांगतो

आमचं शेत बेळगाव तालुक्यात कडोली भागात, घरचं साडेचार एकर, भाजीपाला, बटाटा आणि ऊस. मे २०२२ ला मी एका कॉन्ट्रॅक्टरकडून बोअर रिचार्जचा, म्हणजे पावसाचं पाणी गाळून बोअरच्या वाटेनं जमिनीत मुरवायचा, खड्डा करून घेतला, तेव्हापासून पै-पाहुणे आणि गावातली माणसं फोन करून विचारतात की फायदा झाला काय, खर्च किती आला, करावं की नको. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, चांगलं पण आणि वाईट पण.

आधी मागचं सांगायला पाहिजे. आमच्या आज्ज्यानं खोदलेली विहीर ४२ फुटाची, मी लहान असताना मे महिन्यात सुद्धा आम्ही पोरं तिच्यात उड्या मारत होतो. नंतर आजूबाजूला बोअर वाढत गेले आणि विहीर मार्चलाच तळ दाखवायला लागली. २०१६ ला आम्ही पहिला बोअर मारला, ४८० फूट, दीड इंच पाणी लागलं (बोअरचं पाणी असं धारेच्या इंचात मोजतात). दोन वर्षं बरा चालला, मग मोटार चालू केली की वीस मिनिटं पाणी आणि नंतर नुसती हवा, एकदा तशीच चालू राहून मोटार जळाली, रिवाइंडिंगचे पैसे वेगळे गेले. मार्च २०१९ ला दुसरा. पाणी बघणाऱ्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली, तमिळनाडूतनं तिरुचेंगोडची बोअर मारायची गाडी रात्री अकराला आली, रात्रभर आम्ही शेतात उभे, वरचे ४० फूट मुरूम, मग काळा कातळ आणि ६२० फुटापर्यंत पांढरा धुरळा, एकदा सुद्धा ओला झाला नाही. ३०० फुटाच्या पुढं फुटाचा रेट वाढत जातो हे आम्हाला बिल हातात आल्यावर कळलं. एक लाखाच्या वर गेले. सकाळी गाडी गेली, आई चहा घेऊन आली, कुणीच काही बोललं नाही.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर. मार्कंडेय नदी पात्र सोडून बाहेर आली होती, आमच्या शेतातला ओघळ चार दिवस भरून वाहत होता. बाबा बांधावर उभे राहून म्हणाले, "सहाशे फूट खाली जाऊन हुडकलास, ते बघ वरनं चाललंय." तेव्हापासून हे रिचार्जचं माझ्या डोक्यात बसलं.

आता पाणी जातंय कुठं ते बघा. बेळगावला वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एका एकरावर जवळजवळ ४८ लाख लिटर. पाऊस पडतोय, खरं पाणी थांबत नाही. आमच्याकडं खाली काळा कातळ, त्यात पाणी फक्त भेगांत राहतं, बाकी सगळं वरच्या मुरमात. मुरूम दरवर्षीच्या पावसानं भरतो, खोल भेगा भरायला लई वेळ लागतो आणि आम्ही सगळे त्या खोल भेगांतलंच उपसायला बसलोय. वरनं खोल बोअरच्या वाटेनं मुरमातलं पाणी पण खाली ओढलं जातं, आज्ज्याची विहीर आटली ती अशी. आणि पाण्याचा खर्च बघा, एक एकर उसाला वर्षाला साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ६० लाख ते एक कोटी लिटर. अख्ख्या एकरावर पडलेला पाऊस एक थेंब न सांडता धरला तरी उसाला पुरत नाही. त्यात आपल्याकडं कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट, थ्री फेज आली की ऑटो स्टार्टरनं मोटार आपोआप चालू, रात्री पाट फुटून पाणी रस्त्यावर गेलं तरी सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. मी पण तेच करत होतो, मला त्याची लाज वाटते. देशात जेवढं भूजल उपसलं जातं त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त शेतीलाच जातं, त्यामुळे हे आपण शेतकऱ्यांनीच बघायला पाहिजे. माझी बहीण अथणी तालुक्यात दिलीय, तिकडं पाऊस आमच्या निम्म्याच्या आसपास, तिच्या सासरचा शेवटचा बोअर ८०० फुटाच्या खाली गेलाय आणि तरी उन्हाळ्यात टँकर.

आता सर्विसबद्दल. माणूस पहिल्या दिवशी नुसता बघायला आला, पैसे घेतले नाहीत. शेताचा उतार बघितला, पावसात पाणी कुठनं शिरतं आणि कुठनं बाहेर जातं ते बाबांना विचारलं, विहिरीत वाकून बघितलं. मला वाटलं होतं चालू बोअरला करणार, तर तो म्हणाला, "नको ओ दादा, मातीचं पाणी गेलं तर आहे तो पण हातचा जाईल, तुमचा फेल गेलेला आहे की, त्यालाच करू." ही गोष्ट मला फार पटली, कारण याच्या आधी ज्याला विचारलं होतं तो सरळ ओघळाचा पाईप चालू बोअरच्या तोंडात सोडतो म्हणत होता. असं कधीच करू देऊ नका. गाळ भेगांत जाऊन बसला की परत निघत नाही, आणि शेतातलं फवारणीचं, गोठ्याचं सगळं थेट खालच्या पाण्यात जातं, तेच पाणी आपण आणि शेजारचे पितोय.

काम तीन दिवसांचं. फेल बोअरच्या भोवती जेसीबीनं १० बाय १० चा, १० फूट खोल खड्डा काढला. उघड्या पडलेल्या केसिंगला, म्हणजे बोअरच्या तोंडाच्या पाईपला, एक पोरगा खाली बसून ड्रिलनं भोकं मारत होता, चार-चार बोटांच्या अंतरावर, दुपारभर तेच काम. मग नायलॉनच्या जाळीचे दोन वेढे, वरनं दोरीनं गच्च आवळलं. खाली मोठे दगड, त्यावर गोटे, मग ४० एमएम खडी, मग २० एमएम, सगळ्यात वर वाळू. खड्ड्याच्या आधी गाळ बसायला दोन सिमेंटच्या टाक्या, ओघळाचं पाणी आधी पहिलीत, मग दुसरीत, मग खड्ड्यात. केसिंग खड्ड्याच्या वर चार फूट काढून झाकण नटबोल्टनं बसवलं. हे झाकण मी मुद्दाम सांगतोय. २०१७ मध्ये अथणी तालुक्यात झुंजरवाडला सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडून गेली, आणि आमचा हा फेल बोअर तीन वर्षं नुसता एक फरशी ठेवून पडलेला होता. आमच्या घरात पण लहान पोरं आहेत. तुमच्या शेतात असा एखादा असेल तर रिचार्ज करा न करा, तो आधी बंद करा.

शेवटी त्यानं टँकरचं पाणी खड्ड्यात सोडून दाखवलं. केसिंगला कान लावला तर आत लांब खोल कुठंतरी पाणी पडल्याचा आवाज, बाबांनी दोनदा कान लावून ऐकला. सगळे मिळून ३८ हजार झाले, जेसीबी धरून, बिल लिहून दिलं. काम चोख होतं, त्यात नाव ठेवायला जागा नाही.

आता तक्रार. जाताना "दोन इंच पाणी वाढणार, माझी गॅरंटी" म्हणून गेला. असं काही होत नसतं आणि अशी गॅरंटी कोणी दिली तर धरू नका. दुसरं, दुसऱ्या पावसाळ्यात वाळूवर गाळाचा बोटभर थर बसला आणि पाणी तीन-तीन दिवस खड्ड्यात तुंबून राहायला लागलं. वरची वाळू दरवर्षी काढून धुवायची असते, गाळटाक्या पावसाआधी आणि पावसात पण रिकाम्या करायच्या असतात, हे कोणी सांगितलंच नव्हतं. फोन केला तर "येतो की" म्हणत पाच आठवडे घालवले, तोपर्यंत जो काय पाऊस होता तो होऊन गेला, आणि आल्यावर साडेचार हजार घेतले. त्यात केलं काय तर वरची फूटभर वाळू बदलली, जी आम्ही घरातल्या दोघांनी एका दिवसात केली असती. पाच पैकी कामाला साडेचार आणि नंतरच्या सर्विसला दीड.

फायदा झाला काय? मी दोरीला लोखंडी नट बांधून दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीत सोडतो आणि कॅलेंडरवर लिहून ठेवतो. मे २०२२ ला विहिरीत दीड फूट पाणी होतं. मे २०२३ ला ९ फूट. मग २०२३ चा पावसाळा दगा देऊन गेला, राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, त्यामुळं मे २०२४ ला परत ३ फुटावर. वरनंच पडलं नाही तर खड्डा काय देणार. या वर्षी २०२५ च्या एप्रिलला ११ फूट आहे. चालू बोअर वीस मिनिटांवरनं दोन तासांवर आलाय. खरं हे सगळं एकट्या खड्ड्याचं नाही, मी एक एकर ऊस अर्ध्यावर आणला, त्याला ड्रिप केलं आणि ऑटो स्टार्टर काढून टाकला. खड्डा केला आणि उपसा तसाच ठेवला असता तर नट मेमध्ये कोरडाच वर आला असता असं मला वाटतं.

अजून एक आहे, ते ऐकून काही जणांना वाईट वाटतं. खर्च माझा, खरं पाणी माझ्या एकट्याचं राहत नाही. बांधापलीकडच्या काकांच्या विहिरीला माझ्यापेक्षा जास्त फरक पडलाय कारण त्यांची विहीर उताराच्या अंगाला. मला त्याचं काही नाही, उलट काकांनी पण केलं तर त्याचा फायदा खालच्यांना होईल. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर मारायचेच नाहीत असं गावानं मिळून ठरवलं म्हणून तिथं जमलं, एकट्या माझ्या खड्ड्यानं कडोली भागाचं पाणी वर येणार नाही.

बेळगावातले लोक घराच्या छताचं विचारतात त्यांच्यासाठी. आमचं घर आणि शेड मिळून १४०० चौरस फूट पत्रा, वर्षाला सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी हाती येतं. शेतात माझी पाच एचपीची मोटार हे दोन दिवसांत उपसून टाकते, म्हणजे शेतीला छताच्या भरवशावर राहू नका, ओघळच अडवायला पाहिजे. पण शहरात पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर धरलं तर तेच पाणी सहा महिने पुरतं, आणि पत्र्याचं पाणी स्वच्छ, पहिल्या एक-दोन पावसाचं बाहेर सोडलं की बास. परड्यात जुनी विहीर असेल तर बोअर मारण्याआधी तिचा गाळ काढा आणि छताचा पाईप फिल्टर लावून तिच्यात सोडा. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली आहे, तिला अजून पाणी आहे.

तर ज्यांना करून घ्यायचंय त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला आधीच विचारा, गाळटाकी किती मोठी, जाळी कसली, वाळू कधी बदलायची, आणि पहिल्या दोन पावसाळ्यांची देखभाल बिलातच लिहून घ्या. फोन करायचा तर एप्रिलमध्येच करा, मे उजाडला की ही माणसं मिळत नाहीत. मी परत त्यालाच सांगितलंय, यावेळी देखभालीचं कागदावर घेतलंय. काकांच्या बांधावर ओघळाच्या तोंडाला दुसरा खड्डा काढायचाय, खर्च अर्धा अर्धा, तारीख १२ मे मिळालीय.